छोटं मल्टी-इफेक्ट पेडल घ्यायचंय? मग आधी मागचे जॅक बघा

गिटारवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "छोटा प्रोसेसर घ्यायचाय, कुठला घेऊ?" प्रोसेसर म्हणजे हेच मल्टी-इफेक्ट पेडल, ढीगभर इफेक्ट आणि अँपचे आवाज एका खोक्यात देणारं. त्यावर दहा जण दहा नावं सांगतात, म्हणजे खरं तर प्रत्येक जण स्वतःकडे जे आहे तेच सांगतो, आणि विचारणारा आधी होता त्यापेक्षा जास्त गोंधळून जातो. मीही असाच गोंधळलो होतो आणि माझा पहिला प्रोसेसर घेतला तो निव्वळ खोक्यावरचा इफेक्टांचा आकडा बघून. दोनशेच्या वर इफेक्ट, ढीगभर अँप, अजून काय पाहिजे माणसाला. घरी हेडफोन लावून चार दिवस स्वर्गात होतो. पाचव्या दिवशी प्रॅक्टिसला नेला, तिथल्या गिटार अँपच्या इनपुटला लावला आणि जो आवाज आला तो गोधडीखाली रेडिओ दाबून ठेवल्यासारखा. ड्रमर म्हणाला, "चालू केलायस ना?"

चूक काय होती ते नंतर कळलं. पेडलमध्ये स्पीकर कॅबिनेटचं (म्हणजे स्पीकरच्या खोक्याचं) मॉडेल, म्हणजे नक्कल, चालू होतं आणि पुढे परत खरा स्पीकर होता, म्हणजे एका स्पीकरचा आवाज दुसऱ्या स्पीकरच्या घशात. आणि त्या यंत्रात कॅबिनेट एका झटक्यात सगळीकडे बंद करायची सोयच नव्हती, प्रत्येक प्रीसेटमध्ये, म्हणजे साठवून ठेवलेल्या प्रत्येक आवाजात, जाऊन करावं लागायचं. प्रीसेट किती? मोजले नाहीत, विकून टाकला.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की मॉडेलिंग पेडल निवडताना गिटारकडून सुरुवात करायचीच नाही, दुसऱ्या टोकाकडून करायची. पेडलमधून निघालेली केबल कुठे जाणार आहे ते आधी ठरवा, अर्धी यादी तिथेच गळून पडते. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

पायरी १: केबल कुठे जाणार?

ही पायरी सगळ्यात मोठी आहे, इथे घाई करू नका.

आधी थोडं समजून घेऊ. आपण ज्याला "अँपचा आवाज" म्हणतो त्यात चार गोष्टी असतात, प्रीअँप (टोन घडवणारा), पॉवर अँप (तो स्पीकरसाठी मोठा करणारा), स्पीकरचं खोकं आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकत असाल तर त्याच्यापुढे ठेवलेला माइक. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर एकदम ढेपाळतो आणि हे आपल्या फायद्याचंच आहे, कारण डिस्टॉर्शनमधली कचकच त्याच्या वरच भरलेली असते. म्हणूनच साधं डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं की डब्यात माशी अडकल्यासारखं वाजतं. मॉडेलिंग म्हणजे हे चारही टप्पे गणितानं करणं. रोलंडचा व्हीजी-८ १९९५ साली आला, लाइन ६ चा तो लाल, राजम्याच्या दाण्यासारखा दिसणारा पॉड १९९८ साली, आणि तेव्हापासून चाललंय ते एवढंच की तेच गणित लहान खोक्यात आणि जास्त बारकाईनं बसवायचं.

आता तुमची केबल चारपैकी कुठेतरी जाणार.

हेडफोन किंवा कॉम्प्युटर. सगळ्यात सोपा मामला, चारही टप्पे पेडलनंच करायचे. हेडफोनचा जॅक वेगळा हवा आणि यूएसबीवरून पेडलच ऑडिओ इंटरफेस म्हणून चालायला हवं, म्हणजे रेकॉर्डिंगला वेगळा डबा लागत नाही. इथे एक खाचखळगा आहे, काही पेडलांना यूएसबी असतं पण ते फक्त अपडेट करण्यापुरतं, त्यातून ऑडिओ जातच नाही. "यूएसबी आहे" एवढं वाचून खूश होऊ नका. जमल्यास असं बघा की यूएसबीवर प्रक्रिया केलेला आवाज आणि कोरी गिटार दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर येतात का. कोरा ट्रॅक हातात असला की वाजवणं चांगलं झालेलं असताना टोन फसला तरी नंतर तोच ट्रॅक परत पेडलमधून काढता येतो, आणि ज्यानं एकदा रात्री दोन वाजता जमलेला सोलो खराब टोनपायी टाकून दिलाय त्याला याची किंमत विचारा.

गिटार अँपचं पुढचं इनपुट. इथे अँपचा स्वतःचा आवाज तुम्हाला आवडतो असं गृहीत आहे. मग पेडलमधलं अँप मॉडेल आणि कॅबिनेट दोन्ही बंद, फक्त ड्राइव्ह, डिले, मॉड्युलेशन वगैरे वापरायचं. असं असेल तर दीडशे अँप मॉडेलसाठी पैसे मोजायचे कशाला हा साधा प्रश्न स्वतःला विचारा.

गिटार अँपच्या मागचा रिटर्न, म्हणजे इफेक्ट लूपचा (प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधे इफेक्ट जोडायच्या सोयीचा) परत येणारा जॅक. इथे अँपचा प्रीअँप टाळला जातो, पॉवर अँप आणि स्पीकर तेवढा वापरला जातो. पेडलमधलं अँप मॉडेल चालू, कॅबिनेट बंद. प्रॅक्टिसच्या जागी जो असेल तो अँप वापरावा लागणाऱ्यांसाठी हा माझा सगळ्यात आवडता रस्ता, कारण समोरचा प्रीअँप कसाही असला तरी आपला टोन बऱ्यापैकी आपलाच राहतो. अट एकच, त्या अँपला मागे लूपचा रिटर्न असला पाहिजे, छोट्या प्रॅक्टिस अँपना बहुतेक वेळा नसतो.

मिक्सर, पीए (म्हणजे हॉलची साउंड सिस्टीम) किंवा सपाट आवाजाचा पॉवर्ड स्पीकर. परत चारही टप्पे पेडलमध्येच. इथे कॅबिनेट मॉडेल जीव की प्राण, म्हणून पेडलमध्ये बाहेरचे आयआर टाकता येतात का ते बघायचं. आयआर म्हणजे एखाद्या स्पीकर-माइक जोडीचा आवाजी ठसा, वेव्ह फाइल असते. किती लांबीचा आयआर चालतो हेही लिहिलेलं असतं, ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सँपल म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद आणि २०४८ म्हणजे ४३. जास्त लांब चांगला खरा, पण १०२४ ला कुणी नाक मुरडू नये, जवळ ठेवलेल्या माइकच्या ठशात कामाचा भाग सुरुवातीलाच संपतो.

बरेच जण म्हणतील की आम्हाला चारही लागतात. मग तुम्हाला एकच गोष्ट अत्यावश्यक आहे, जी माझ्या पहिल्या यंत्रात नव्हती. ग्लोबल सेटिंगमध्ये कॅबिनेट बंद करता यायला पाहिजे, आणि त्याहून छान म्हणजे एका आउटपुटला कॅबिनेटसकट आणि दुसऱ्याला कॅबिनेटशिवाय असा एकाच वेळी आवाज पाठवता यायला पाहिजे. म्हणजे मिक्सरला पूर्ण टोन आणि स्टेजवर मागच्या अँपला कॅबिनेटशिवायचा.

पायरी २: कागदावर आवाज लिहा

मोबाइल बाजूला ठेवून खरोखर कागद घ्या. तुम्ही गेल्या महिन्यात जी गाणी वाजवली त्यात किती वेगवेगळे आवाज लागले ते लिहा. बहुतेकांची यादी अशी निघते, स्वच्छ थोडा कोरस असलेला, जरा करकरीत ऱ्हिदम, जाड ऱ्हिदम, लीड म्हणजे जाड ऱ्हिदमच पण डिले आणि थोडा व्हॉल्यूम जास्त, आणि एखादा विचित्र आवाज एका गाण्यापुरता. पाच. दोनशे नाहीत.

आता त्यातला सगळ्यात भरलेला आवाज घ्या आणि त्यात एकावेळी किती गोष्टी चालू आहेत ते मोजा. गेट, कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, अँप, कॅबिनेट, ईक्यू, डिले, रिव्हर्ब, हे झाले आठ. हाच आकडा खोक्यावरच्या दोनशेपेक्षा महत्त्वाचा, कारण एकूण इफेक्ट किती आहेत आणि एकावेळी किती चालतात यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प २०१८ साली आला तेव्हा त्यात एकावेळी ६ ब्लॉक (म्हणजे इफेक्टांच्या जागा) चालायचे, लोकांनी त्यावरून बरीच कुरकुर केली आणि पुढे फर्मवेअर (पेडलच्या आतलं सॉफ्टवेअर) ३.० मध्ये ते ८ झाले. झूमच्या जी१एक्स फोरमध्ये ५ चालतात. पाच कमी वाटतात पण अँप-कॅबिनेट, ड्राइव्ह, डिले, रिव्हर्ब एवढंच लागणाऱ्याला तेही पुरून उरतात.

यात अजून एक मेख आहे. ब्लॉकची जागा शिल्लक असली तरी आतला प्रोसेसर दमलेला असू शकतो. अख्ख्या कॉर्डचा सूर वरखाली करणारा पिच इफेक्ट आणि काही मोठे, पसरट रिव्हर्ब भयंकर ताकद खातात, ते लावले की बाकीच्या गोष्टी यादीत फिक्या पडतात नाहीतर "जागा नाही" म्हणून संदेश येतो. तुमच्या कागदावर तसं काही असेल तर दुकानात नेमकी तीच साखळी बनवून बघायची.

पायरी ३: पाय

पेडल हातानं विकत घेतो आणि पायानं वापरतो, आणि लोक इथेच फसतात. छोट्या पेडलला दोन किंवा तीन फूटस्विच असतात. घरी बसून वाजवणाऱ्याला एकही चालेल, पण गाण्याच्या मधे स्वच्छ आवाजावरून लीडवर जायचं असेल तर त्या तीन स्विचवर तुमच्या पाच आवाजांची वाटणी कशी होणार हे आधी डोक्यात मांडा.

वापरायच्या तीन तऱ्हा असतात. एक, स्विच म्हणजे प्रीसेट. दोन, स्विच म्हणजे एकेक इफेक्ट चालू-बंद, जुन्या पेडलबोर्डसारखं. तीन, एकाच प्रीसेटमध्ये वेगवेगळे सीन किंवा स्नॅपशॉट, म्हणजे एक दाबला की ड्राइव्ह चालू, कोरस बंद, डिले वाढला, अँपचा गेन कमी झाला, सगळं एकाच दणक्यात. ही तिसरी सोय छोट्या पेडलमध्ये असेल तर तीन स्विचचं पेडल सहाच्या तोडीचं होतं, माझ्या मते आकाराचा तोटा भरून काढणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

त्यात पण प्रीसेट बदलताना आवाज किती वेळ तुटतो ते ऐका. काही यंत्रात बारीकशी खाच पडते आणि आधीच्या डिलेची शेपटी कापली जाते. स्वच्छ अर्पेजिओवरून लीडला जाताना ती शेपटी गायब झाली की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण काहीतरी हरवलं हे मात्र कळतं. स्नॅपशॉटमध्ये हा त्रास सहसा नसतो, कारण साखळी तीच राहते.

स्विचमधलं अंतर बघा आणि बूट घालून बघा. मी मोज्यावर प्रॅक्टिस करायचो, मस्त जमायचं, बूट घातले आणि एका पायात दोन स्विच दाबले जायला लागले. हसू नका.

वॉ (सूर "वॉ-वॉ" असा उघडझाप करणारा इफेक्ट) वाजवता का? मग एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायानं वर-खाली करायची पट्टी, अंगचं हवं की बाहेरून लावायचं ते ठरवा. बॉसच्या जीटी-१ ला ते जोडलेलं येतं, एचएक्स स्टॉम्पला बाहेरून लावावं लागतं. बाहेरून लावताना लक्षात ठेवा, सगळ्या कंपन्यांच्या एक्स्प्रेशन पेडलची जोडणी सारखी नसते, टोकावरची तार आणि मधल्या कडीवरची तार उलटसुलट असतात, त्यामुळे मित्राचं पेडल उसनं आणून लावलं आणि वॉ एकाच जागी अडकून बसला तर पेडल बिघडलेलं नसतं, जात जुळत नसते.

पायरी ४: मागची बाजू

आता पेडल उलटं धरा. एक इनपुट, दोन आउटपुट हे किमान. स्टिरीओ लागणार नसेल तरी दुसरं आउटपुट असावं, कारण पायरी १ मधली दोन ठिकाणी पाठवायची युक्ती त्याच्यावरच चालते. एकच केबल लावणार असाल तर डाव्या किंवा "मोनो" लिहिलेल्या जॅकला लावायची, नाहीतर डावी-उजवी उडणारा डिले अर्धाच ऐकू येतो आणि माणूस सेटिंग शोधत बसतो.

सेंड-रिटर्न, म्हणजे आवाज बाहेर पाठवून परत आत घ्यायचे जॅक, हवंय का? तुमच्याकडे एखादं जिवाभावाचं जुनं फझ किंवा ड्राइव्ह असेल आणि ते साखळीच्या मधेच पाहिजे असेल तर हवं. आणि फोर-केबल पद्धत करायची असेल तर हवंच हवं. ती पद्धत अशी, गिटार पेडलच्या इनपुटला, पेडलचा सेंड अँपच्या इनपुटला, अँपचा सेंड पेडलच्या रिटर्नला, पेडलचं आउटपुट अँपच्या रिटर्नला. यानं पेडलमधले ड्राइव्ह अँपच्या आधी आणि डिले-रिव्हर्ब अँपच्या प्रीअँपनंतर येतात. छान वाजतं, पण केबलांचं जाळं होतं आणि कधीकधी गुंईऽऽ असा हमही मोफत मिळतो. जीटी-१ सारख्या साध्या पेडलला सेंड-रिटर्न नाही, एचएक्स स्टॉम्पला आहे.

मिडी, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची जोडणी, बहुतेकांना लागत नाही. ज्याला लागतं त्याला आधीच माहीत असतं, पुढे जाऊ.

एक इशारा मात्र नीट वाचा. मिक्सरच्या माइक इनपुटला पेडल जोडताना त्या चॅनेलची ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) बंद आहे ना हे साउंडवाल्याला तोंडानं विचारा. जॅकवरून एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा जोड) करणाऱ्या केबलनं ते व्होल्टेज उलटं तुमच्या पेडलमध्ये शिरू शकतं आणि सगळी पेडलं ते सहन करायला बनवलेली नसतात. मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) असला की डोक्याला ताप नाही.

पायरी ५: मॉडेल की कॅप्चर

अलीकडे हा नवा गोंधळ वाढलाय. मॉडेल म्हणजे कंपनीनं अँपच्या सर्किटचा अभ्यास करून लिहिलेलं गणित, त्यात सगळे नॉब खऱ्यासारखे फिरतात, गेन दोनवरून आठवर नेला तर अँप जसं बदलेल तसंच बदलतं. कॅप्चर म्हणजे एका ठराविक सेटिंगवर ठेवलेल्या खऱ्या अँपचा काढलेला ठसा. केंपरनं २०११ साली प्रोफाइलिंग नावानं हे लोकप्रिय केलं, मग न्यूरल नेटवर्कवाली पद्धत आली आणि आता टोनेक्स वन, नॅनो कॉर्टेक्स असल्या हातात मावणाऱ्या पेडलांत पण ते आलंय.

फरक हातानं कळतो. कॅप्चर त्या एका सेटिंगला फार खरा वाटतो, पिक हलकं मारलं की साफ आणि जोरात मारलं की करकर, पण त्याचा गेन किंवा ट्रेबल बराच फिरवला की तो फोटो ताणल्यासारखा व्हायला लागतो कारण ते नॉब मूळ अँपचे नसतात, वरून लावलेले असतात. त्यामुळे ज्याला एक-दोन आवाज हवेत आणि ते अगदी खरे हवेत त्यानं कॅप्चरकडे बघावं, ज्याला वाजवता वाजवता नॉब फिरवायची सवय आहे त्यानं मॉडेलकडे. आणि कॅप्चरवाल्या छोट्या पेडलमध्ये बाकीचे इफेक्ट किती आहेत ते नक्की तपासा, काहींचा सगळा भर अँपवरच असतो, डिलेसाठी परत दुसरं पेडल आणावं लागतं आणि मग "छोटं एकच पेडल" ही मूळ कल्पनाच बोंबलते.

दोन्ही एकत्र चालवणारी यंत्रंही आता आहेत. पण खरं सांगू का, डोळे मिटून ऐकलं तर आजच्या बऱ्या पेडलांत टोनचा फरक लोक सांगतात तेवढा नसतो. फरक असतो तो टोनपर्यंत पोचायला किती वेळ लागतो त्यात.

पायरी ६: कागदावरचे आकडे, पटकन

२४ बिट, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, हे जवळपास सगळ्यांकडे असतं, त्यावरून निवडू नका. इनपुटचा इम्पिडन्स १ मेगाओहमच्या आसपास हवा नाहीतर साध्या पॅसिव्ह पिकपची वरची चमक जाते.

लेटन्सीची, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची, भीती मात्र लोकांनी फार घेतलीय. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे पेडलनं ३ मिलिसेकंद खाल्ले तर तुम्ही अँपपासून एक मीटर मागे सरकलात एवढंच. स्टेजवर आपण अँपपासून तीन मीटरवर बिनधास्त वाजवतोच की. ब्लूटूथची गोष्ट वेगळी, तिथे दीडशे मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे अँप ५० मीटरवर ठेवल्यासारखं. म्हणून पेडलमधलं ब्लूटूथ मोबाइलवरची गाणी लावून सोबत वाजवायला उत्तम, पण ब्लूटूथ हेडफोनवर स्वतःची गिटार ऐकायचा बेत असेल तर आत्ताच सोडा.

पायरी ७: वीज

कंटाळवाणं आहे पण याच गोष्टीमुळे पेडल शेवटी धूळ खात पडतात. बहुतेक छोटी पेडलं ९ व्होल्टवर, मधली टाचणी ऋण अशा अ‍ॅडॅप्टरवर चालतात, पण करंट किती पितात ते बघा. साध्या ओव्हरड्राइव्हला काही मिलिअँपिअर पुरतात, मॉडेलिंग पेडल शेकड्यात जातं. एचएक्स स्टॉम्पसोबत तर ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर येतो, तुमच्या पेडलबोर्डवरच्या साध्या पॉवर सप्लायच्या १०० मिलिअँपिअरच्या तोंडाला स्टॉम्प लावला तर चालूच होणार नाही, नाहीतर अधूनमधून गटांगळ्या खाईल. नियम सोपा, व्होल्ट आणि टोकाची दिशा तंतोतंत, अँपिअर लिहिल्यापेक्षा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

आणि एकाच अ‍ॅडॅप्टरवरून चार पेडलांना माळेसारखी वायर काढली की डिजिटल पेडलची टिकटिक, चिरचिर बाकीच्या पेडलांत घुसते. मॉडेलिंग पेडलला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट द्या.

बॅटरीवर चालणारी पण आहेत, जीटी-१ आणि जी१एक्स फोर दोन्ही चार पेन्सिल सेलवर चालतात. गच्चीवर, प्रवासात, मित्राच्या खोलीवर नेणाऱ्यांना ही गोष्ट टोनपेक्षा मोठी वाटू शकते आणि त्यात काही चूक नाही.

पायरी ८: स्क्रीन, नॉब आणि अ‍ॅप

छोट्या पेडलची खरी परीक्षा इथे असते. दुकानात किंवा मित्राकडे पेडल हातात घ्या आणि मॅन्युअल न बघता तीन गोष्टी करा. डिलेचा मिक्स कमी करा. ड्राइव्ह उचलून अँपच्या मागे टाका. बदललेला प्रीसेट दुसऱ्या नावानं सेव्ह करा. दोन मिनिटांत जमलं तर पेडल तुमचं, नाही जमलं तर तुमचा बुद्ध्यांक कमी नाही, मेनू वाईट आहे.

काही पेडलांचं सगळं एडिटिंग कॉम्प्युटरवर छान होतं आणि पेडलवर मात्र छळ असतो. घरच्यासाठी चालतं, पण प्रॅक्टिसच्या खोलीत ट्रेबल खुपतोय आणि लॅपटॉप घरी आहे अशी वेळ येते तेव्हा समजतं. म्हणून मी म्हणतो निदान अँपचा गेन, व्हॉल्यूम आणि टोन एवढं तरी थेट नॉबवर असावं. अ‍ॅप मोबाइलवर चालतं की फक्त कॉम्प्युटरवर, तुमच्या कॉम्प्युटरच्या सिस्टीमवर ते चढतं का, हे पैसे द्यायच्या आधी उतरवून बघता येतं, बहुतेक कंपन्यांचा एडिटर पेडल नसतानाही इन्स्टॉल होतो.

कंपनी फर्मवेअर अपडेट देते का याचा अंदाज जुन्या यंत्रांवरून येतो. आधीच्या मॉडेलला कंपनीनं दोन-तीन वर्षांनंतरही नवीन गोष्टी दिल्यात का ते बघा.

पायरी ९: ऐकून बघणं, पण शहाण्यासारखं

स्वतःची गिटार न्या. दुकानातल्या गिटारवर दुकानातल्या अँपमधून पेडल ऐकणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून अक्षर तपासणं.

फॅक्टरी प्रीसेट ऐकून मत बनवू नका, ते दोन मिनिटांत भुरळ पाडायला बनवलेले असतात, प्रत्येकात रिव्हर्ब आणि डिले ओतलेला. रिकामा प्रीसेट घ्या, एक अँप, एक कॅबिनेट, बस. रिव्हर्ब नाही. आता गिटारचा व्हॉल्यूम दहावर ठेवून जोरात कॉर्ड मारा, मग तोच व्हॉल्यूम चारवर आणून हळू मारा. आवाज साफ होत जातो का, का नुसता लहान होतो? चांगल्या मॉडेलची ही कसोटी माझ्या बघण्यात सगळ्यात विश्वासाची. दुसरं, जास्त गेन लावून एक सूर धरून ठेवा आणि तो विरताना ऐका, शेवटी शेवटी तो फाटल्यासारखा, फुसफुस करत तुटतो का गुळगुळीत उतरतो. तिसरं, बारावीच्या पुढच्या फ्रेटवर बेंड करा, सुराच्या मागे दुसराच एखादा बेसूर आवाज उलट दिशेला सरकताना ऐकू आला तर ते डिजिटल घाण आहे, गेनमध्ये नीट काळजी न घेतल्याची खूण.

ट्यूनर दिसतो का उभं राहून? लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारा) लागत असेल तर किती सेकंदांचा, आणि लूपर चालू असताना बाकी स्विच मोकळे राहतात का? ड्रम मशीन असेल तर त्याचा आणि लूपरचा ठेका जुळतो का? एवढं बघून झालं की बास.

वापरलेलं घेताना

छोटं मॉडेलिंग पेडल सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, उलट नवीन मॉडेल आलं की लोक जुनं चांगलं चालणारं विकतात. प्रत्येक फूटस्विच वीस वेळा दाबा, एका दाबात दोनदा लागणारा स्विच म्हणजे थकलेला स्विच. नॉब हळू फिरवा, आकडे उड्या मारत असतील तर एन्कोडर गेलाय. जॅकमध्ये केबल घालून हलवा, खरखर नको. यूएसबी लावून कॉम्प्युटरला दिसतं का ते बघा, कारण तो जॅक मोडलेला असेल तर अपडेट पण नाही आणि एडिटर पण नाही. एक्स्प्रेशन पेडल पूर्ण वर-खाली जाऊन शून्य ते शंभर दाखवतं का. सोबतचा मूळ अ‍ॅडॅप्टर मागा. आणि काही कंपन्यांचं सॉफ्टवेअर लायसन विकत घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेलं असतं, ते विकणारा सोडून देणार का हे पैसे हातात असतानाच विचारा, नंतर फोन उचलत नाहीत लोक.

आणल्यावर पहिल्या दिवशी

आधी फर्मवेअर तपासा आणि अपडेट करायच्या आधी जे काही प्रीसेट आहेत त्यांचा बॅकअप घ्या. मग ग्लोबल सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट कशाला जोडलंय ते सांगा, हेडफोन, अँपचा पुढचा भाग, रिटर्न की लाइन, आणि लेव्हल इन्स्ट्रुमेंट ठेवायची की लाइन तेही. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं. हंबकर किंवा अ‍ॅक्टिव्ह पिकप असेल आणि स्वच्छ आवाज पण चिरकत असेल तर इनपुट पॅड (येणारा सिग्नल कमी करणारी सोय) चालू करा, सगळा दोष अँप मॉडेलला देऊ नका.

मग कागदावरचे ते पाच आवाज बनवा, आणि हे महत्त्वाचं, ज्या आवाजाच्या पातळीवर वाजवणार आहात त्याच पातळीवर बनवा. आपला कान हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो, फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ साली त्याचे वक्र काढून ठेवलेत. त्यामुळे रात्री हळू आवाजात बेस आणि ट्रेबल चढवून बनवलेला गोड टोन प्रॅक्टिसमध्ये मोठ्यानं लावला की खाली धबधब आणि वर किरकिर होतो. मिक्सरला जाणाऱ्या टोनसाठी मी शेवटी एक ईक्यू लावतो, खालून ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास कापतो आणि वरून ६ ते ८ किलोहर्ट्झच्या मधे कुठेतरी. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झवर असते, त्याच्या खाली जे काही आहे ते बेसवाल्याचं आणि ड्रमरचं, त्यांना त्यांचं देऊन टाका.

शेवटी पाचही प्रीसेट एकामागून एक वाजवून व्हॉल्यूम जुळवा, कानानं, डोळ्यांनी नाही, कारण जास्त गेनचा आवाज मीटरवर सारखा दिसला तरी बँडमध्ये मागे बसतो आणि स्वच्छ आवाज पुढे येऊन टोचतो. लीडला ऱ्हिदमपेक्षा ३ ते ४ डेसिबल जास्त द्या, गेन वाढवून नाही, साखळीच्या शेवटच्या व्हॉल्यूमनं. झालं की सेव्ह करा. दोनदा करा, कारण बऱ्याच पेडलांत सेव्हचं बटण एकदा दाबलं की ते फक्त "कुठे सेव्ह करू" एवढंच विचारतं, आणि माझे सगळ्यात चांगले दोन टोन त्या प्रश्नाला उत्तर न देता पेडल बंद केल्यामुळे गेलेत.